रात्रभर खाजवणारी चिंगी: लहान कुत्र्याच्या खाजेच्या मुळाशी कसं जायचं

रात्री दोनच्या सुमारास आमच्या हॉलमधून टक टक टक असा आवाज यायचा. चिंगी मागच्या पायाने कान खाजवायची आणि तो पाय दर वेळी फरशीवर आपटायचा. मग थोडी शांतता, आणि मग पंजे चाटल्याचा चपचप आवाज. चिंगी म्हणजे आमची शीत्झू, वजन साडेसहा किलो. तेव्हा तिचं वय दोन वर्षं होतं. दीड वर्षात आम्ही तीन दवाखाने फिरलो, पाच शाम्पू संपवले, सोसायटीतल्या प्रत्येकाचा सल्ला ऐकला. एका दवाखान्यात दर वेळी एक इंजेक्शन मिळायचं. त्याने तीन आठवडे शांतता, चौथ्या आठवड्यात पुन्हा टक टक. रोग म्हशीला नि इंजेक्शन पखालीला, असा तो सगळा प्रकार होता आणि पखाल घेऊन हौसेने फिरणारे आम्हीच होतो.

पुढे एका डॉक्टरांनी जे समजावलं, त्याने आमची दिशा बदलली. कुत्र्याची जुनी खाज क्वचितच एकाच कारणाची असते. समजा सोळा आणे खाज दिसते, तिच्यात मूळ ॲलर्जी चार आण्यांची असते, पिसवा चार आण्यांच्या, आणि खाजवून खाजवून फुटलेल्या त्वचेत वाढलेले जंतू आठ आण्यांचे. तुम्ही फक्त एकावर औषध केलंत की उरलेले आठ-बारा आणे तसेच राहतात आणि तुम्हाला वाटतं औषध लागू पडलं नाही. म्हणून कारणं एकेक करून, ठरलेल्या क्रमाने बाजूला काढायची. आधी पिसवा-किडे, मग जंतू, मग ताट, आणि सगळ्यात शेवटी घरातली-हवेतली ॲलर्जी. पुढचं सगळं याच क्रमाने आहे.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. तोंड, पापण्या अचानक सुजल्या, अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास लागला, तर हा लेख बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. काही तासांत वाढलेला ओला, लालभडक, दुखरा चट्टा, मान एका बाजूला कलणं, कानातून पू, किंवा गोचिडांसोबत ताप, पांढरट हिरड्या, गडद लघवी, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. गोचिडांमुळे होणारा ताप आपल्याकडे सर्रास आढळतो आणि तो लहान कुत्र्याला दोन दिवसांत आडवं करतो.

आठ दिवस फक्त लिहा

काहीही नवीन सुरू करण्याआधी एक वही घ्या. रोज रात्री खाजेला ० ते १० मधला एक आकडा द्या. ० म्हणजे सर्वसाधारण कुत्रं जेवढं खाजवतं तेवढंच, १० म्हणजे जेवताना, खेळताना, फिरतानाही थांबून खाजवणं आणि झोपेतून उठून खाजवणं. चिंगीचा आकडा तेव्हा ८ होता. त्वचेचे डॉक्टर साधारण अशीच मोजपट्टी वापरतात, आणि 'थोडं बरं वाटतंय' यापेक्षा '८ वरून ६' हे वाक्य त्यांच्या फार कामाचं असतं.

आकड्याच्या शेजारी कुठे खाजवते ते लिहा. खाजवणं म्हणजे फक्त पायाने ओरबाडणं नव्हे. पंजे चाटणं, पोटाला चावे घेणं, सोफ्याला तोंड घासणं, बूड जमिनीवर घासत पुढे सरकणं हेही त्यातच आलं. (बूड घासणं बऱ्याचदा शेपटीखालच्या ग्रंथी भरल्याने होतं. जंतांनीच होतं ही समजूत घरोघरी आहे, पण दर वेळी तसं नसतं.) खाज बारा महिने असते की पावसाळ्यातच वाढते, कोणत्या वयात सुरू झाली, घरात आणखी कोणाला खाज सुटते का, हेही लिहून ठेवा. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो, माझ्याच हातावर पुरळ आलंय' असं असेल, तर खरूज किंवा गजकर्णाची शंका लगेच घ्यायला हवी. दोन्ही कुत्र्याकडून माणसाला होऊ शकतात.

उजेडात बसून अंग तपासा

दुपारी खिडकीपाशी एक पांढरी चादर अंथरा आणि कुत्र्याला मांडीवर घ्या. लांब केसांच्या कुत्र्यात वरून काहीच दिसत नाही, केस बोटांनी उलटे फिरवून मुळापर्यंत पाहावं लागतं. आम्ही चिंगीला वर्षभर कुरवाळत होतो आणि तिच्या काखेतली कातडी काळी, जाड, हत्तीच्या कातडीसारखी झालेली आम्हाला दिसली नव्हती.

जागा बरंच काही सांगते. शेपटीच्या मुळाशी आणि कमरेवर खाज असेल तर पहिला संशय पिसवांवर. कानाच्या कडा, कोपरं आणि मागच्या पायांचे घोटे खपल्यांनी भरले असतील तर खरूज, म्हणजे आपण जिला लूत म्हणतो तिचा एक प्रकार. कानाची कड बोटांच्या चिमटीत धरून हलकी चोळा. मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागला, तर खरजेचा संशय आणखी बळावतो. पंजे, तोंडाभोवतालची जागा, कान, काखा आणि पोट हा ॲलर्जीचा नेहमीचा नकाशा. फिकट रंगाच्या कुत्र्याचे पंजे सतत चाटल्याने विटकरी होतात, तो लाळेचा डाग असतो. आंबूस, शिळ्या तेलासारखा वास आणि चिकट त्वचा असेल तर यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वाढलेली असण्याची शक्यता मोठी. पोटावर पुटकुळ्या किंवा गोल कडांची सालं निघत असतील तर बॅक्टेरिया.

आता बारीक दातांची फणी घ्या, तीच जुनी उवांची चालते. कमरेवरून शेपटीकडे विंचरा आणि फणीत आलेला कचरा ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटका. काळे कण विरघळून तांबूस-तपकिरी डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे पचलेलं रक्त. माती असेल तर असा रंग सुटत नाही. पिसू स्वतः दिसलीच पाहिजे असं नाही.

'आमच्याकडे पिसवा नाहीत' असं म्हणू नका

हे वाक्य आम्हीही डॉक्टरांना ठसक्यात ऐकवलं होतं. पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट, रोज फरशी पुसली जाते, पिसवा कुठून येणार? पण चिंगी दिवसातून दोनदा त्याच जिन्याने उतरते जिथे सोसायटीची दोन भटकी कुत्री पावसात झोपतात. शिवाय जे कुत्रं पिसवांच्या लाळेला ॲलर्जिक असतं, त्याला दोन-चार चावे पुरतात, आणि सतत चाटणारं कुत्रं पिसू गिळूनही टाकतं. पुरावाच नाहीसा होतो.

आणखी एक हिशोब लक्षात ठेवा. अंगावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्याच्या साधारण ५ टक्के. उरलेली ९५ टक्के मंडळी अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपात गादीत, सोफ्याच्या खाचेत, पायपुसण्यात असते. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते आणि कोषातली पिसू काही महिने तग धरते. म्हणून एकदा औषध लावून 'झालं' म्हणता येत नाही. सलग किमान ३ महिने, आणि आपल्या दमट हवेत खरं तर बाराही महिने, हे काम चालू ठेवावं लागतं.

औषधं दोन तऱ्हेची मिळतात. मानेवर थेंब टाकायची आणि पोटात द्यायची. पोटात द्यायच्या गोळ्यांमध्ये अफोक्सोलॅनर आणि सॅरोलॅनर महिनाभर, तर फ्लुरालॅनर साधारण १२ आठवडे काम करतात. या गटाचा मोठा फायदा असा की ही औषधं खरजेच्या किड्यांनाही मारतात. खरूज असूनही त्वचा खरवडून पाहिल्यावर किडा न सापडणं फार सामान्य आहे, त्यामुळे संशय असेल तर डॉक्टर सरळ उपचार करून पाहतात. मात्र कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ते आधी सांगा. या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिलेला आहे.

लहान कुत्र्याच्या बाबतीत वजन हा चेष्टेचा विषय नाही. तीस किलोच्या लॅब्रॅडॉरसाठी अर्धा किलो इकडेतिकडे झालं तर फरक पडत नाही, तीन किलोच्या पॉमेरेनियनला पडतो. दवाखान्यातल्या काट्यावर वजन करा. आमच्या शेजाऱ्यांनी त्यांच्या पगला रद्दीवाल्याच्या काट्यावर तोललं होतं. पगने ते मनावर घेतलं नाही, डॉक्टरांनी घेतलं. मोठ्या कुत्र्याची गोळी किंवा ट्यूब आणून 'अर्धी-अर्धी' करणं पैसे वाचवणारं वाटतं, पण औषध त्यात समान मिसळलेलं असेलच असं नाही. आणि घरात मांजर असेल तर परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं कुत्र्याचं औषध घरात आणूच नका, मांजराला ते विष आहे.

थेंबाचं औषध लावणार असाल तर आधी आणि नंतर दोन-दोन दिवस अंघोळ नको. घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच दिवशी, ज्याचं त्याला औषध द्या. चादरी, गादीची खोळ गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका. सोफ्याखाली, कोपऱ्यांत व्हॅक्यूम फिरवा. गोचीड असतील तर भिंतीच्या भेगा, दारांच्या चौकटी, फोटोंच्या मागच्या बाजूही पाहा. आपल्याकडचा तपकिरी गोचीड घरातच पिढ्यानपिढ्या नांदू शकतो आणि अंडी घालायला वर चढतो.

महिनाभरात चिंगीचा आकडा ८ वरून ६ वर आला. चार आणे गेले.

दवाखान्यात काय मागायचं

इथे मला थोडं स्पष्ट बोलायचंय. खाजणारं कुत्रं पाहून लगेच इंजेक्शन दिलं जात असेल, तर नम्रपणे विचारा: 'डॉक्टर, एकदा काचपट्टीवर तपासून बघायचं का?' त्वचेवर चिकटपट्टी किंवा काच दाबून घेतलेला नमुना रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की बॅक्टेरिया आहेत की यीस्ट, की दोन्ही, हे बहुतेकदा तिथल्या तिथे कळतं. त्वचा खरवडून घेतलेल्या नमुन्यात डेमोडेक्सचे, म्हणजे लुतीच्या दुसऱ्या प्रकारचे, किडे सापडतात. गजकर्णाची शंका असेल तर केसांची बुरशीसाठी तपासणी होते. कानातला मळही असाच पाहायला सांगा, कारण ॲलर्जीच्या कुत्र्यांचे कान वारंवार बिघडतात.

घराजवळच्या दवाखान्यात ही सोय नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने विसरू नका. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथेही महाविद्यालयं आहेत. रांगेत बसावं लागतं, पण सूक्ष्मदर्शक तिथे हाताशी असतो.

आधी लिहिलेली वही आणि फोटो सोबत न्या. घरून निघताना अंघोळ घालू नका, कानही साफ करू नका. सगळा पुरावा धुऊन नेल्यासारखं होतं.

काचपट्टीवर बॅक्टेरिया सापडले, तर प्रतिजैविकं लागतीलच असं नाही. वरवरच्या संसर्गाला औषधी शाम्पू पुरेसा ठरतो. प्रतिजैविकं दिली तर मात्र सांगितलेले दिवस पूर्ण करा. पाचव्या दिवशी त्वचा छान दिसते आणि आपण गोळ्या बंद करतो, तिथेच चुकतं.

अंघोळ: इथे घाई करू नका

'जास्त अंघोळीने कातडी कोरडी पडते' हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. चुकीच्या शाम्पूने पडते. माणसाच्या त्वचेचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साधारण ५.५ असतो, कुत्र्याचा ७ च्या आसपास किंवा वर. आपले शाम्पू, साबण, बाळांचे शाम्पूसुद्धा त्यांच्यासाठी बनलेले नाहीत. संसर्ग असेल तेव्हा क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक २ ते ४ टक्के असलेला, किंवा यीस्ट असेल तर त्यासोबत मायकोनॅझोल हे बुरशीनाशक २ टक्के असलेला शाम्पू डॉक्टर देतात. तो सुरुवातीचे तीन-चार आठवडे आठवड्यातून दोनदा वापरायचा असतो.

आम्ही तो शाम्पू आधीही वापरला होता आणि 'काही उपयोग नाही' म्हणून फेकला होता. कारण लावला की दोन मिनिटांत धुऊन टाकायचो. औषध त्वचेवर १० मिनिटं राहायला हवं, तेव्हा ते काम करतं. आता आमची पद्धत अशी आहे.

आधी कोरडे केस विंचरायचे, गाठी सोडवायच्या. गाठीत पाणी शिरलं की ती दगडासारखी होते आणि तिच्याखाली त्वचा दिवसभर ओली राहते. मग बादलीत कोमट पाणी, म्हणजे मनगटावर टाकलं तर गरम वाटायला नको. गरम पाण्याने खाज वाढते. बाथरूमच्या फरशीवर जुना टॉवेल अंथरायचा. लहान कुत्री घसरण्याला घाबरतात, पाण्याला तेवढी नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. केस मुळापर्यंत भिजले की शाम्पू थोड्या पाण्यात पातळ करून आधी जिथे खाज जास्त तिथे लावायचा: काखा, पोट, पंज्यांच्या बोटांमधली जागा, शेपटीखाली. नंतर बाकी अंग. डोळे आणि कानांच्या आत नाही. आता फोनवर १० मिनिटांचा टायमर. या वेळात मी तिला मांडीवर घेऊन बाथरूमच्या स्टुलावर बसते आणि आम्ही दोघी एकमेकींकडे रागाने बघतो. उकडलेल्या रताळ्याचे बारीक तुकडे एकेक करून दिले की वेळ जातो.

धुवायला लावण्यापेक्षा दुप्पट वेळ द्या. पाणी स्वच्छ निघेपर्यंत. राहिलेला फेस हीच नवी खाज असते. मग टॉवेलने चोळायचं नाही, टिपायचं. ड्रायर वापरलात तर सगळ्यात कमी उष्णतेवर आणि लांबून. शीत्झू, पग यांसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना उष्णतेने धाप लागते. बोटांच्या बेचक्या नक्की कोरड्या करा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

कानात बड घालू नका. डॉक्टरांनी दिलेलं कानाचं द्रव भरपूर ओतून, कानाचा बुडखा बाहेरून चोळून, वर आलेला मळ कापसाने टिपून घ्यायचा. कान फार दुखत असेल तर तेही नको, आधी पडदा शाबूत आहे का ते डॉक्टरांना पाहू द्या.

चार आठवड्यांनी आकडा ४. जंतूंचे आठ आणे म्हणावे तेवढे पूर्ण गेले नाहीत, पण चिंगी रात्रभर झोपली. आणि आम्हीही.

काय लावू नये

या काळात लोक फार प्रेमाने फार वाईट सल्ले देतात. गावाकडे लूत भरलेल्या कुत्र्याला गाडीचं जळकं ऑइल फासतात. कातडी भाजते, आणि चाटलं तर पोटात विष जातं. रॉकेलचंही तेच. फिनाईलच्या पाण्याने अंघोळ घालणारेही मी पाहिलेत. कापूर घातलेलं तेल आणि टी ट्री ऑइल 'नैसर्गिक' असलं तरी चार-पाच किलोच्या कुत्र्याला थोडंसंही बाधू शकतं. खोबरेल विषारी नाही, पण तेलकट त्वचेवर यीस्ट आणखी माजतं आणि कुत्रं ते चाटून संपवतं. हळदीने चादरी पिवळ्या होतात, एवढंच खात्रीने सांगते.

मेडिकलमधून आणलेली माणसांची 'खाज-खरूज-नायटा' अशी तिन्हींवर चालणारी मलमं सगळ्यात फसवी. त्यांत बहुधा तीव्र स्टेरॉइड असतं, चार दिवस लाली जाते आणि खाली बुरशी फोफावते. झिंक असलेलं मलम किंवा लोशन चाटलं तर तेही वाईट. कुत्र्याला क्रोसिन, आयबुप्रोफेन देऊ नका. सर्दी-ॲलर्जीच्या मिश्र गोळ्या तर अजिबात नकोत. साधी सेटिरिझिनसारखी गोळी डॉक्टर कधी कधी देतात, पण कुत्र्यांच्या ॲलर्जीत तिचा उपयोग बेताचाच होतो. अमिट्राझ या कीटकनाशकाचं पाणी एकेकाळी लुतीवर सर्रास वापरायचे, पण प्रमाण चुकलं तर लहान कुत्री गुंगून पडतात. ते घरी करू नका.

लावण्याऐवजी एक गोष्ट चढवा: गळ्यातला प्लॅस्टिकचा कोन. दिसायला केविलवाणा, पण चाटणं थांबलं की निम्मी जखम आपली आपण भरते.

ताट

पिसवा गेल्या, जंतू गेले, तरी आकडा ४-५ वर अडला असेल तर आता अन्नाची चाचणी. कुत्र्यांमध्ये अन्नाची ॲलर्जी सर्वाधिक आढळते ती गोमांस, दुधाचे पदार्थ, चिकन आणि गहू यांची. म्हणजे मराठी घरातल्या कुत्र्याचा दूध-पोळी आणि चिकन-भात हा मेनू पाहिला, तर संशयितांच्या यादीतले तिघे रोज ताटातच बसलेले असतात. भात मात्र क्वचितच दोषी निघतो. 'ग्रेन फ्री' असं छापलेलं महागडं पाकीट आणण्याआधी हे लक्षात घ्या, आणि त्याच पाकिटात चिकन आहे का तेही वाचा.

रक्त किंवा केस पाठवून होणाऱ्या अन्न-ॲलर्जीच्या तपासण्यांवर विसंबू नका, त्यांचे निकाल भरवशाचे नसतात. खरी चाचणी एकच. किमान ८ आठवडे असं अन्न द्यायचं ज्यातलं प्रथिन कुत्र्याने आयुष्यात खाल्लेलं नाही, किंवा डॉक्टरांकडे मिळणारं हायड्रोलाइज्ड अन्न. यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची संरक्षण यंत्रणा ते ओळखत नाही. घरी शिजवायचं ठरवलंत तर नवं प्रथिन विचार करून निवडा. कोकणातल्या घरात बांगड्याची डोकी खाऊन वाढलेल्या कुत्र्याला मासे 'नवे' नसतात. घरचं जेवण आठ आठवड्यांसाठी ठीक, पण वर्षभर तेच द्यायचं तर कॅल्शियम आणि बाकी गोष्टींचा हिशोब डॉक्टरांकडून करून घ्यावा लागतो. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे कधीच नाहीत.

चाचणी अन्नामुळे फसत नाही, माणसांमुळे फसते. आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात कळलं की आई रोज चहाच्या वेळी ग्लुकोज बिस्किटाचा 'अगदी एवढासा' तुकडा देते. 'तेवढ्याने काय होतंय?' तेवढ्याने तीन आठवडे वाया गेले आणि आम्ही पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. फ्रिजवर कागद लावला: चिंगीला हायड्रोलाइज्डशिवाय काहीही नाही. कामाला येणाऱ्या मावशी, वॉचमन काका, लिफ्टमध्ये भेटणारी मुलं, सगळ्यांना सांगून ठेवलं. प्रसादाचा पेढासुद्धा नाही. चव लावलेली जंताची किंवा पिसवांची गोळी, चिकनच्या चवीची टूथपेस्ट हेही अन्नच समजायचं. त्या दोन महिन्यांत मानेवरचे थेंब बरे.

खाज कमी झाली तर तिथे थांबू नका. जुनं अन्न पुन्हा द्या. खाज काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत परतली, तर दोष अन्नाचाच. मग चिकन एक आठवडा-दोन आठवडे, नंतर दूध, नंतर गहू, असं एकेक घालून नेमका गुन्हेगार शोधायचा.

आमच्या बाबतीत आठ आठवड्यांनी आकडा ४ होता तो ४ च राहिला. मी खट्टू झाले, आई मात्र खूश. तिची दूध-पोळी निर्दोष सुटली होती. पण ही चाचणी फुकट गेली नाही. उरलेली खाज हवेतल्या, घरातल्या कशाची तरी, हे आता ठरलं.

उरलेली ॲलर्जी

या ॲलर्जीला ॲटोपी म्हणतात. ती बहुधा ६ महिने ते ३ वर्षं या वयात डोकं वर काढते, आणि शीत्झू, पग, ल्हासा, फ्रेंच बुलडॉग यांच्यात विशेष दिसते. धुळीतले सूक्ष्म कीटक, परागकण, बुरशीचे कण ही तिची कारणं. पुण्याच्या परिसरात १९५० च्या दशकात पहिल्यांदा नोंदलेलं गाजर गवत आता राज्यभर माजलंय, त्याचा माणसांना होणारा त्रास आपल्याला ठाऊक आहे, कुत्र्यालाही त्यात लोळू देऊ नका. लहान कुत्र्याचं पोट जमिनीपासून चार बोटं वर असतं. गवत, फरशी पुसायचं जंतुनाशक, सगळं आधी त्याच्या पोटाला लागतं. फरशी पुसल्यावर एकदा साध्या पाण्याने पुसा आणि वाळेपर्यंत त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा. फिरून आलं की पंजे आणि पोट ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करा. पावसाळ्यात हे एकच काम केलंत तरी फरक दिसतो. धूप आणि अगरबत्तीपासूनही लांब ठेवलेलं बरं.

ॲटोपी कायमची जात नाही. मधुमेहासारखी ती सांभाळायची असते, हे मान्य केलं की दवाखाने बदलणं थांबतं. औषधांपैकी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड स्वस्त आणि झटपट, पण महिनोन्महिने चाललं तर तहान, भूक, लघवी वाढते, त्वचा पातळ होते, संसर्ग बळावतो. बरेच दिवस दिलं असेल तर एकदम बंदही करायचं नसतं. ऑक्लॅसिटिनिबची गोळी खाजेचा संदेशच अडवते. ती सुरुवातीला १४ दिवसांपर्यंत दिवसातून दोनदा, मग एकदा देतात, आणि एक वर्षाखालच्या कुत्र्याला देत नाहीत. लोकिवेटमॅब हे खाजेवरचं इंजेक्शन साधारण ४ ते ८ आठवडे पुरतं. ते तुमच्या शहरात मिळतं का, हे डॉक्टरांना विचारा. माशाच्या तेलातलं ओमेगा-३ दोन-तीन महिन्यांनी हळूहळू उपयोगी पडतं आणि त्याने बाकी औषधं कमी लागू शकतात. कॉड लिव्हर ऑइल मात्र त्याऐवजी देऊ नका, त्यातली अ आणि ड जीवनसत्त्वं लहान अंगाला जास्त होतात. रक्ताची किंवा त्वचेची ॲलर्जी चाचणी करायची ती याच टप्प्यावर, आणि तीही ॲलर्जीवरची लस बनवून घ्यायची असेल तरच.

एका वेळी एकच गोष्ट बदला. नवी गोळी, नवा शाम्पू आणि नवं अन्न एकाच सोमवारी सुरू केलंत तर कशाने बरं वाटलं हे कधीच कळणार नाही.

चिंगी आता पाच वर्षांची आहे. तिचा आकडा वर्षातले बरेच महिने २ असतो. श्रावणात तो ४ वर जातो, तेव्हा आम्ही अंघोळ आठवड्यातून दोनदा करतो आणि डॉक्टरांना फोन करून गोळीचं विचारतो. गेल्या वर्षी श्रावण येऊनही आकडा वाढला नाही म्हणून मी पिसवांच्या औषधाची तारीख बारा दिवस पुढे ढकलली. तेराव्या रात्री दोन वाजता हॉलमधून टक टक आवाज आला. सकाळी फणी काढली, ओला टिश्यू घेतला, आणि त्यावर तांबूस डाग पसरला.